मोठ्या तलावात लहान होडी : वाचकांचे प्रश्न

या वेळी जलक्रीडेविषयीची पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. त्यांतील बहुतेकांची अडचण एकाच मुद्द्यापाशी येऊन ठेपते: होडी चालवता येते, पण किनारा लांब गेला की धीर सुटतो. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे. इतरांनीही ते वाचावे, म्हणजे पुढच्या उत्तरांत तेच पुन्हा सांगावे लागणार नाही.

प्रश्न : माझे वय पंचेचाळीस, वजन ५४ किलो. मुंबई बंदरात शिडाच्या होडीचा प्राथमिक अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे. आता पुण्याजवळच्या एका धरणाच्या जलाशयात मैत्रिणीच्या लेझर होडीवर, म्हणजे एका माणसाने चालवायच्या एकाच शिडाच्या लहान होडीवर, सराव करते. प्रशिक्षक सोबत असताना भीती वाटत नव्हती. इथे मात्र वारा थोडा वाढला की हात आखडतात, दोर सोडवत नाही आणि मी अर्ध्यातून परत फिरते. होडी उलटेल, ही भीती सर्वांत मोठी आहे. जास्तीत जास्त वेळा पाण्यावर जाणे हाच यावर उपाय आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : केवळ फेऱ्या वाढवल्याने ही भीती जाईल असे मला वाटत नाही, उलट प्रत्येक वेळी अर्ध्यातून परत येण्याची सवय पक्की होण्याचा धोका अधिक आहे. प्राथमिक अभ्यासक्रमात होडी पुढे नेणे आणि वळवणे यांवर बहुतेक वेळ जातो. होडी थांबवणे, ती उलटवणे, उलटलेली सरळ करणे आणि वारा पडल्यावर किनारा गाठणे या चार गोष्टी एकदाच दाखवल्या जातात, त्याही प्रशिक्षकाची यांत्रिक बोट शेजारी असताना. आपल्या मनात जी धास्ती आहे ती नेमकी याच चार गोष्टींची आहे, म्हणून सरावही त्यांचाच करावा लागेल. अंतर कापण्याचा विचार काही आठवडे बाजूला ठेवला तरी चालेल.

त्याआधी शिडाविषयी. लेझरचे मोठे शीड ७.०६ चौरस मीटरचे असते. त्याच होडीवर डोलकाठीचा खालचा भाग बदलून ५.७६ चौरस मीटरचे किंवा ४.७ चौरस मीटरचे शीड लावता येते. आपल्या मैत्रिणीच्या होडीवर मोठे शीड असेल, तर आपल्या वजनाला ते वाऱ्याच्या दिवशी झेपणारे नाही. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या एकेरी शर्यतीसाठीही मधलेच, म्हणजे ५.७६ चौरस मीटरचे शीड असते. टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला शीडनौकापटू नेत्रा कुमानन हिने त्याच शिडावर स्पर्धा केली. आपण सर्वांत लहान शिडापासून सुरुवात करावी. यात कमीपणा मानणारे लोक क्लबांत भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १२ किलोमीटरचा वारा २४ किलोमीटरचा झाला की शिडावरचा दाब दुप्पट न होता चौपट होतो. “वारा थोडाच वाढला होता” असे आपल्याला वाटते तेव्हा होडीला तो थोडा वाटलेला नसतो, आणि आपले हात जे सांगतात ते बरेचसे खरे असते.

आता थांबणे. वारा समोरून तिरका येत असताना मेनशीट, म्हणजे शीड आवळून धरणारा दोर, पूर्ण सैल सोडला की शीड नुसते फडफडते, होडीचा वेग उतरतो आणि ती पाण्यावर डुलत उभी राहते. ही उभी राहण्याची स्थिती आपल्या हाती पक्की असली पाहिजे. किनाऱ्याजवळच्या खाडीसारख्या आत घुसलेल्या भागात एक रिकामा डबा दोरीने दगडाला बांधून तरंगत ठेवावा आणि त्याच्या हाताच्या अंतरावर होडी आणून थांबवण्याचा सराव करावा. थांबावे, वीस श्वास मोजावेत, निघावे, वळसा घालून पुन्हा थांबावे. शीड फडफडण्याचा आवाज नवख्या माणसाला संकटाचा वाटतो, पण त्या आवाजाचा अर्थ एवढाच की वारा शिडाला धक्का देत नाही. तो आवाज कानाला सवयीचा झाला की दोर सोडण्याचे भय बरेच कमी होते. झोत आल्यावर दोर घट्ट धरणे ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, कारण पडताना माणूस हाताला लागेल ते धरतो. होडीत नेमके उलटे करावे लागते: आधी दोर सैल, मग वजन बाहेर, मग हळूहळू दोर पुन्हा आत. हा क्रम डोक्याने समजून भागत नाही, तो हाताला लागावा लागतो, म्हणून मंद वाऱ्यातही काल्पनिक झोत मानून तो करत राहावे.

उलटण्याच्या भीतीवर मला ठाऊक असलेला एकच उपाय आहे: आपणहून उलटावे. ऊबदार पाणी, मंद वारा, अंगात लाईफ जॅकेट, दुसऱ्या होडीत एखादा जाणता सोबती आणि किनारा पोहत गाठता येईल इतका जवळ, अशी सगळी सोय असताना होडी मुद्दाम कलंडवावी. जागा मात्र उथळ नसावी. लेझरची डोलकाठी साधारण सहा मीटर उंच असते, उथळ पाण्यात तिचे टोक तळाच्या गाळात रुतले तर होडी सरळ करणे कठीण होते. आपल्याकडच्या जलाशयांत गाळाखेरीज बुडालेली झाडे, बांध, विहिरींचे कठडे आणि जुन्या घरांच्या भिंतीही असतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्यांतील काही वर येतात, आणि काही वर न येता पृष्ठभागाच्या जेमतेम खाली राहतात. हे सर्वांत वाईट. तिथे रोज जाळे टाकणाऱ्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय सरावाची जागा ठरवू नये.

उलटल्यावर पहिले काम म्हणजे स्वतः दोरांत अडकलेलो नाही याची खात्री करणे आणि मेनशीट मोकळी आहे हे पाहणे. मग होडीला धरूनच तिच्या तळाच्या बाजूला यावे, मधली फळी, म्हणजे होडीच्या तळातून खाली पाण्यात जाणारी फळी, पूर्ण बाहेर आहे ना ते पाहावे, तिच्यावर हातांनी भार द्यावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर तिच्यावर चढून मागे रेलावे. आपल्या वजनाने हे होते, थोडा वेळ लागतो इतकेच. एक बारकावा पुष्कळांना सांगितला जात नाही: शीड ज्या बाजूला पडले आहे त्याच बाजूने वारा येत असेल, तर शीड पाण्याबाहेर येताच वारा त्याच्या खाली शिरतो आणि होडी सरळ झाल्याबरोबर आपल्या अंगावर दुसऱ्या बाजूला पालथी होते. अशा वेळी घाई न करता पुढच्या टोकाला धरून तरंगत राहावे. होडी आपोआप फिरून तिचे नाक वाऱ्याकडे होते, मग ती उचलावी. हा सराव एका दिवशी दोनदा आणि पुढच्या वेळी पुन्हा, असा कंटाळा येईपर्यंत करावा. कंटाळा आला की या एका गोष्टीपुरती भीती संपली असे समजायला हरकत नाही. काहीही झाले तरी होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत निघायचे नाही, हा नियम मात्र कंटाळा आल्यावरही मोडू नये. पाण्यावरून किनारा असतो त्यापेक्षा जवळ दिसतो, आणि शोधणाऱ्याला पालथी होडी दिसते तसे माणसाचे डोके दिसत नाही.

बंदरात जे जमत होते ते जलाशयात का जमत नाही, याचेही एक कारण आहे आणि ते आपल्या स्वभावात नाही. बंदरात दुपारचे खारे वारे बरेचसे एकसारखे वाहतात. सह्याद्रीतल्या जलाशयावर वारा डोंगरांच्या खिंडींतून आणि सोंडांवरून उतरतो, त्यामुळे कधी शांतता, कधी झोत, आणि दोन्हींत दिशेचा फरक, असे चालते. हे झोत दिसतात. पाण्यावर काळपट, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला की तो पोहोचेपर्यंत काही क्षण हातात असतात. नजर होडीच्या नाकावर किंवा स्वतःच्या हातांवर खिळवून न ठेवता वारा येतो त्या बाजूच्या पाण्यावर ठेवण्याची सवय लावावी. झोत अचानक आला असे वाटणे बहुतेकदा नजर दुसरीकडे असल्यामुळे घडते.

यानंतर अंतराचा विचार. प्रत्येक वेळी वारा जिकडून येतो त्या दिशेने आधी जावे, म्हणजे थकल्यावरची परतीची वाट सोपी राहते. वारा थेट मागून घेऊन चालणे सुरुवातीला टाळावे, कारण त्यात बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी दांडी, अवचित एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते आणि डोक्याला लागू शकते. थोडा तिरका मार्ग धरावा, आणि बाजू बदलायची वेळ आली की नाक वाऱ्याकडून फिरवून पूर्ण वळसा घ्यावा. जाणकार याला हसतात, हसू द्यावे. होडीत एक आखूड वल्हे बांधून ठेवावे. जोराच्या वाऱ्याची सर्वांना काळजी असते, पण संध्याकाळी वारा पूर्ण पडला आणि अंधार होत आला की एकट्या माणसाची जी अवस्था होते तिचा विचार फार थोडे लोक करतात. घाटाकडच्या खोऱ्यांत मोबाईलला सिग्नल मिळेलच असे नाही. म्हणून किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवावे आणि लाईफ जॅकेटला शिट्टी बांधावी.

आणखी एक गोष्ट, प्रश्नात नसली तरी. धरणांचे जलाशय जलसंपदा विभागाच्या किंवा, मुळशीसारख्या ठिकाणी, टाटा वीज कंपनीच्या ताब्यात आहेत, आणि खडकवासल्याच्या काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीत येतो. स्वतःची होडी उतरवण्याआधी परवानगीची चौकशी करावी, आणि भिंत, सांडवा व पाणी सोडण्याचे दरवाजे यांपासून कायम दूर राहावे.

प्रश्न : मी शिवसागर जलाशयाच्या परिसरात राहतो आणि वल्ह्याची कयाक चालवतो. सकाळी पाणी अगदी संथ असते, म्हणून लांबवर जातो. परतताना मात्र वारा आणि लाटा समोरून येतात आणि दम निघतो. हे टाळता येईल का? (एक वाचक, जावळी तालुका)

उत्तर : शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकवले जातात, त्यांचाच हा अनुभव आहे. रात्री डोंगरउतार थंड होतात आणि जड हवा हळूहळू खाली खोऱ्यात उतरते, पहाटे तीही थांबलेली असते. ऊन वर आले की उतार तापतात आणि हवा खोऱ्यातून वर सरकू लागते. त्यातच दिवसभराचा मुख्य वारा मिसळतो. म्हणून सकाळची शांतता ही दिवसाची स्थिती मानू नये. लाटांची उंची वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याला मोकळ्या पाण्यावर किती लांब धावायला मिळते यावरही ठरते. कोयना धरणामागचा हा जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब पसरलेला आहे. तो वळणावळणांचा असल्यामुळे एखाद्या सोंडेच्या आड पाणी संथ आणि सोंड ओलांडताच सरळ पट्ट्यात लाटा, असा फरक मिनिटभरात पडतो. तलावातल्या लाटा समुद्रातल्यापेक्षा आखूड आणि उभ्या असतात, त्यामुळे लहान होडीला त्या अधिक त्रास देतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की उजाडल्यावर निघावे आणि ऊन तापण्याआधी परतीचा बहुतेक टप्पा संपलेला असावा. मधूनमधून थांबून, मागे वळून, दहा-बारा वल्हे परतीच्या दिशेने मारून पाहावे. ते जड जाऊ लागले असतील तर लगेच फिरावे. काठाकाठाने जाण्यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा. वाऱ्यात सापडल्यास नाक लाटांकडे थोडे तिरके ठेवून सर्वांत जवळचा उतरण्याजोगा काठ गाठावा. इथेच माणसे चुकतात: गाडी, डबा आणि सोबती ज्या काठावर आहेत तिथेच परत जाण्याचा हट्ट धरतात आणि त्यासाठी जलाशयाचा सर्वांत रुंद भाग ओलांडू पाहतात. पलीकडच्या काठावर उतरून दोन तास बसणे किंवा चालत गाव गाठणे यात काहीही बिघडत नाही. फक्त एक लक्षात असावे: जलाशयाभोवतीचा मोठा प्रदेश अभयारण्याचा आहे, त्यामुळे कुठे उतरण्यास मनाई आहे ते वनविभागाकडून आधीच समजून घ्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पाण्यावर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वळवाच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पावसाच्या आधी, कधी कधी ढग डोक्यावर येण्याच्याही आधी पोहोचते, आणि तो सपाटा कयाक सावरण्याची संधी देत नाही. गडगडाट कानावर आला की पाण्यातून बाहेर पडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परत उतरू नये. पावसाळ्यात, पाणी वाढत असताना आणि विसर्ग चालू असताना, कयाक घरात ठेवावी.

प्रश्न : लाईफ जॅकेटांवर ५०, १००, १५० असे आकडे लिहिलेले असतात. कोणते घ्यावे? मला उत्तम पोहता येते, मग ते खरोखर आवश्यक आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आवश्यक आहे. उत्तम पोहणाऱ्याच्या डोक्याला बूम लागू शकते, त्याला दम लागू शकतो, किंवा कपड्यांनिशी लाटांत पोहण्याची सवय नसू शकते. आकडे न्यूटन या एककात तरंगण्याचा जोर दाखवतात. ५० चे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असलेल्या ठिकाणासाठी असते. त्यात हात मोकळे राहतात, म्हणून शिडाच्या आणि वल्ह्याच्या होडीत तेच सोयीचे, पण ते बेशुद्ध माणसाचे तोंड वर करीलच असे नाही. १०० पासून पुढची जॅकेटे त्या हेतूने बनवलेली असतात. पोहता न येणाऱ्याने किमान १०० चे घ्यावे. कोणतेही घेतले तरी पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कोणाला खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत आले तर ते मापाचे नाही. अनेक बोट क्लबांत मिळणाऱ्या जॅकेटांच्या पट्ट्यांचे चाप तुटलेले असतात, ते पाण्यात जाण्यापूर्वी तपासावेत.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला शिडाची होडी शिकवायची आहे. त्याला एकट्याला होडीत बसवावे, असे प्रशिक्षक म्हणतात. आम्हाला हे धाडसाचे वाटते. (पालक, नाशिक)

उत्तर : प्रशिक्षकांचे म्हणणे योग्य आहे, मात्र सुरक्षेची बोट पाण्यात असली पाहिजे आणि तिच्यावरच्या माणसाचे लक्ष मुलांवर असले पाहिजे. ऑप्टिमिस्ट ही होडी मुलाने एकट्याने हाताळावी अशाच मापाची आहे: लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, आणि पंधरा वर्षांपर्यंतची मुले तिच्यात स्पर्धा करतात. आई किंवा वडील शेजारी बसले की मूल प्रत्येक झोताला पाण्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते. मुलाला कपडे आणि जॅकेट घालून पन्नास मीटर पोहता येते का, आणि होडीखाली गेल्यास न घाबरता बाहेर येता येते का, एवढे तरणतलावात पाहून घ्यावे. तलावात शिकून काय होणार, अशी शंका पत्राच्या शेवटी आहे. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत रौप्यपदक मिळवले आहे.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी टोरांटोला आलो. गोव्यात असताना मी मांडवीत आणि समुद्रात कयाक चालवत असे. इथे ऑन्टारिओ सरोवर समोरच आहे, मे महिन्यात ऊनही चांगले पडते. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, टोरांटो)

उत्तर : गोव्यात आपण कमावलेले वल्ह्यावरचे कौशल्य इथे उपयोगी पडेल, पाण्यात पडण्याविषयीचा अंदाज मात्र तिथेच ठेवून यावा. मे महिन्यात हवा २५ अंशांवर असताना सरोवराचे पाणी १० अंशांच्याही खाली असू शकते. एवढ्या थंड पाण्यात पडताक्षणी श्वास अनावरपणे ओढला जातो. थंड पाण्याचे अभ्यासक एक, दहा, एक असा ठोकताळा सांगतात: श्वास ताब्यात यायला सुमारे एक मिनिट, हातापायांनी उपयोगी हालचाल करता येते ती सुमारे दहा मिनिटे, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे होडीत परत चढण्यासाठी आपल्याजवळ ती दहा मिनिटेच आहेत, आणि पहिल्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम अंगावरचे जॅकेटच करते. कपडे हवेकडे पाहून न घालता पाण्याचे तापमान पाहून घालावेत, वेटसूट (भिजला तरी ऊब धरणारा पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा पोशाख) घ्यावा. कयाकमध्ये पाण्यातून परत चढण्याचा सराव आधी एखाद्या गरम पाण्याच्या तरणतलावात आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये लहान तळ्यात करावा. खुद्द सरोवराची सुरुवात पुढच्या वर्षावर ढकलली तरी मी त्याला उशीर म्हणणार नाही.

उन्हाळ्यातही तापमान रोज पाहावे लागते. काही दिशांचे वारे वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी तळाचे गार पाणी वर येते, तेव्हा पोहण्याजोगे पाणी अगदी थोड्या काळात थंडगार होते. शहराच्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा असताना अधिक सावध राहावे. इमारती आणि झाडांच्या आडोशाला पाणी गुळगुळीत दिसते, वल्हे मारणे सोपे जाते, आणि आडोसा संपल्यावर वारा होडीला खुल्या सरोवराकडे नेऊ लागतो. गोव्यात दुपारचे वारे समुद्राकडून किनाऱ्याकडे येत, त्यामुळे वल्हे थांबले तरी होडी काठाकडे सरकत असे. इथे ते गृहीत धरू नये. मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहेच, पण ओल्या, बधिर बोटांनी फोनचा पडदा चालत नाही. तेव्हा पाण्यात टिकणारा हातातला व्हीएचएफ रेडिओ घ्यावा, तो वापरण्यासाठी कॅनडात लागणारे प्रमाणपत्र मिळवावे, आणि संकटात वाहिनी १६ वर तटरक्षक दलाला हाक द्यावी. रेडिओ होडीत न ठेवता अंगावरच्या जॅकेटला बांधलेला असावा.